टिंगबाईंची पाच मिनिटं

ऑफिसातली घंटी घरी आणली, ही टिंगबाईंची पहिली चूक.

नव्या उद्योगांना ऊब देऊन पायावर उभं करणारं त्यांचं केंद्र. कोंबडी अंड्यांवर बसते, तशी नऊ माणसं तिथं दुसऱ्यांच्या कल्पनांवर बसून असायची. येईल त्याला बोलायला पाच मिनिटं. सहावं मिनिट कुणीच पाहिलं नव्हतं, कारण घंटी बाईंच्या हाताशी असे. तळव्यात मावेल एवढीशी, पितळेची. पण तिच्या एका ‘टिंग’सरशी भल्याभल्यांची बोलती बंद. नऊ वर्षांत बाईंचं खरं नाव मागं पडलं आणि हे चिकटलं.

आता बाईंनी स्वतःच एक प्रस्ताव लिहिला होता. अशा केंद्रांतल्या अधिकाऱ्यांसाठी चार दिवसांची कार्यशाळा. विषय, ‘नवउद्योजकाचं बोलणं शेवटपर्यंत कसं ऐकावं’. यंदा मंजूर झाली नाही, तर बाईंच्या प्रशिक्षण विभागाला कुलूप आणि त्यांची रवानगी आवक-जावकच्या टेबलावर. नियम मात्र तोच. पाच मिनिटं.

म्हणून घरी तालीम. नवरा घड्याळ घेऊन बसला. टिंग झालं तेव्हा बाई प्रस्तावनेतच होत्या.

“अहो, मुद्दा आत्ता कुठं सुरू होतोय.”

“हेच सगळे तुला सांगत असतील,” नवरा म्हणाला.

“ऐकायला शिकवणार, तेही चार दिवसांत?” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “अगं, मी वीस वर्षं खपतेय. परवाचंच घे, मी तुला सांगत होते की—”

टिंग. बाईंचा हात आपोआप गेला होता.

सासूबाई पाय आपटत आत गेल्या. पण घंटीची गोडी घरभर लागली. अभ्यासावरून बोलणी बसली की लेक टिंग करी, सामानाची यादी लांबली की नवरा. आठवडाभरात बाईंच्या अंगात ते पार मुरलं. बोलणं लांबलं, की टिंग.

प्रस्ताव मंजूर करणाऱ्या समितीपुढं बोलायच्या दिवशी पडद्यावर चित्रं उमटेनात. “असू दे, तोंडी सांगा,” अध्यक्ष म्हणाले. “आणि घंटी राहू दे तुमच्यापाशीच. सवयीची आहे.”

त्यांच्या शेजारी छत्रीवाल्या ताई बसल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना चौथ्याच मिनिटाला टिंग केलं होतं. आता त्यांची छत्री-दुरुस्तीची तीन दुकानं होती आणि समितीत खुर्ची.

चित्रांविना बाई बोलू लागल्या आणि बोलणं रान सापडलेल्या वासरासारखं उधळलं. कार्यशाळेवरून केंद्रावर, केंद्रावरून त्यांच्या पहिल्या नोकरीवर. “म्हणजे बघा, मी शाळेत असताना—” एवढं बाईंच्या कानांवर आलं. हे वाक्य त्यांच्या चांगलं ओळखीचं. इथवर आलेला माणूस पुन्हा मुद्द्यावर येत नाही.

टिंग.

“धन्यवाद. आम्ही कळवू,” बाई म्हणाल्या, कागद गोळा केले आणि दार ओढून बाहेर आल्या.

बाकावर पुढचा अर्जदार बसला होता, मांडीवर मेणबत्त्यांचं खोकं.

“इतक्यात झालं? कुणी थांबवलं?”

“मीच,” बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. आवक-जावकचं टेबल डोळ्यांपुढं उभं राहिलं, शेजारच्या गळक्या कूलरसकट.

आतून हसण्याचा लोट आला. मग बोलावणं.

“कार्यशाळेची गरज इतकी पटवून आजवर कुणी दिली नव्हती,” डोळे पुसत अध्यक्ष म्हणाले. “मंजूर. फक्त शिकणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं.”

“आणि शिकवणार कोण?” बाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

“मी,” छत्रीवाल्या ताई म्हणाल्या. “पहिला धडा आत्ताच घेते. माझं एक वाक्य राहिलंय तुमच्याकडं, नऊ वर्षांपासून. जरा लांब आहे.”

घंटी टेबलावर चकाकत होती, अगदी हाताच्या अंतरावर. बाई खुर्चीत बसल्या. दोन्ही तळवे त्यांनी मांडीखाली घट्ट दाबून धरले.

“बोला, ताई,” त्या म्हणाल्या.