'मनानं चांगली' म्हणू नका

हौसाक्कांना कुणी 'मनानं चांगली' म्हटलं, की त्या हातात असेल ते फेकून मारायच्या. इंदापुरात त्यांच्या घरी खोली घेऊन राहायला गेले, त्याच आठवड्यात मी त्यांना पितळी मापटं फेकताना पाहिलं. गुन्हा काय, तर दळण घेऊन आलेली एक बाई कौतुकानं म्हणाली, "अक्का तोंडानं फटकळ हाय, पर मनानं लई चांगली." मापटं तिच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीचा पोपडा पडला.

"मनानं चांगली आसंल तुजी सासू! पुन्ना बोललीस तर पिठात माती घालीन."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्राथमिक शाळेत माझी नवी नेमणूक, घर सुप्याला, रोज ये-जा करणं शक्य नव्हतं. पुढं हौसाक्कांची पिठाची गिरणी, मधे त्या, मागच्या खोलीत मी. बाई पन्नाशीची. लहानपणी देवी आलेल्या, त्यामुळं तोंडभर व्रण, एक डोळा अर्धा मिटलेला, पुढचे दात ओठांबाहेर. हे मी सभ्यपणे सांगतेय. त्या स्वतः सांगायच्या तेव्हा म्हणायच्या, "देवानं मला घडीवली तवा लाईट गेल्याली." आणि ऐकणारा हसला, तर त्याचं दळण सगळ्यात शेवटी टाकायच्या.

आपण चांगल्या आहोत असा संशयही कुणाला येऊ नये, म्हणून त्या फार जपायच्या. मागच्या बोळात एक म्हातारी एकटीच राहायची. अक्का तिला रोज भाकरी-कालवण न्यायच्या, पण नेताना अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडत. "खा गं थेरडे! मेलीस तर मला गिरनी बंद ठिवून मौतीला यावं लागंल!" म्हातारी ठार बहिरी होती. ओरडणं बोळासाठी होतं.

पण सगळंच सोंग होतं असं समजू नका. गल्लीत नवी सून आली आणि ती गोरी, नाकीडोळी नीटस असली, की तिला बघूनच अक्कांचं तोंड कडू व्हायचं. तिचं पीठ त्या मुद्दाम जाड दळायच्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. "थापू दे की भाकरी आता," एवढंच म्हणायच्या. तिकडं ती पोरगी तुटक्या भाकरीवरून सासूची बोलणी खायची, आणि अक्कांना त्याचं काही वाटायचं नाही.

एकदा आमच्या शाळेत बायकांचा मेळावा भरला. व्याख्यानाला बारामतीहून एक पाहुण्या आल्या. विषय होता, 'अंतरंगाचे सौंदर्य कसे खुलवावे'. पाहुण्या देखण्या होत्या, साडी झुळझुळीत होती, बोलतही छान होत्या. चेहऱ्याला आपण पावडर लावतो तशी मनाला क्षमेची पावडर लावावी. रोज सकाळी आरशापुढं उभं राहून 'मी सुंदर आहे' असं स्वतःला सांगावं. रूप काय, चार दिवसांचं, मन जन्मभराचं. बायका माना डोलवत होत्या. कुणाला काही विचारायचंय का, असं म्हटल्यावर मागून हौसाक्का उठल्या. पदराला पीठ.

"बाई, तुमचं लगीन झालंय न्हवं?"

"हो, झालंय ना."

"बगाया आलं तवा त्यांनी मन बगितलं का तोंड?"

सभेत खसखस पिकली. पाहुण्या हसून म्हणाल्या, "दोन्ही बघितलं."

"मन कुटनं बगितलं? पोह्यात घातलं व्हतं व्हय?"

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं चहाची घोषणा केली. घरी येताना मी म्हटलं, "अक्का, चांगलं सांगत होत्या हो त्या."

"चांगलंच सांगत व्हत्या. घरात गव्हाचं पोतं आसल्यावर बाजरीचं गुनगान करायला काय जातंय?"

दुसऱ्या वर्षी माझं लग्न काढलं. मी सावळी. सावळी हासुद्धा घरच्यांनी दिलेला सभ्य शब्द. एक बारामतीकडचं स्थळ आलं. मुलगा पतसंस्थेत कारकून. रविवारी इथंच, अक्कांच्या घरी दाखवायचं ठरलं. सुप्याहून तात्या, म्हणजे माझे वडील आले. अक्कांनी स्वतःहून पोहे करायचं अंगावर घेतलं, वर माझी साडीही निवडून दिली. "ही नेसा. रंग उठून दिसतुया," म्हणाल्या. मला आश्चर्यच वाटलं.

पोहे झाले. नाव-गाव झालं. मुलाच्या आईनं मला उभं केलं, चालायला लावलं, हात उलटसुलट करून बघितला. मग तात्यांकडं वळून मोठ्या मनानं म्हणाली, "रंग जरा दाबलेला हाय. पर आसू द्या. पोरगी मनानं चांगली दिसती. आशा पोरी समदं संबाळून घेत्यात."

तात्यांचा चेहरा फुलला. दारातून अक्का चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्या तिथंच थांबल्या.

"कोन मनानं चांगली? ही?"

मी डोळ्यांनी खुणा केल्या. त्यांनी बघितलंच नाही.

"आवो पावनं, ही भांडकुदळ हाय. पान्यावरनं आक्की गल्ली डोक्यावर घेती. सकाळचं आठ वाजल्याबिगर आतरुनातनं उटत न्हाय. पगार आपल्याच नावावर ठिवती, बापाला बी हात लावू देत न्हाय. आन उलट बोलती ते येगळंच. संबाळून घेती म्हनं! ही कुनाला संबाळायची न्हाय. तुमालाच हिला संबाळावं लागंल. हाय का तयारी?"

एकही शब्द खरा नव्हता. पहाटे पाचला उठून मी पाणी भरायचे, आणि पगारातले निम्मे पैसे सुप्याला जायचे. पण मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलानं तिच्याकडं बघितलं आणि त्यानंही ठेवली. चहा न घेताच मंडळी उठली.

तात्या उठून उभे राहिले. "अक्का, माझ्या पोरीचं वाटोळं केलंत तुमी."

"तात्या, वाटोळं केलं न्हाय. म्होरं हुनार व्हतं, त्ये टाळलं."

तात्या संध्याकाळच्या एस्टीनं निघून गेले. मी रडले, दार आपटलं, खोली सोडायची भाषा केली. अक्का माझ्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मग उंबऱ्यावर बसल्या आणि बोलायला लागल्या. त्या कधी सलग बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"मला बगाया कळंबाकडनं आलं व्हतं. आमचा बाप मेंढरं राकायचा, नुकताच शेतीला लागल्याला. सासू म्हनली, रूप न्हाय, पर पोरगी मनानं चांगली हाय. मला लई बरं वाटलं, बाई. म्हनलं, तेवडं तर हाय आपल्यात. मग त्येच जपत बसले. कुनी काय बोललं तर गिळलं. मूल हुईना. नवरा म्हनला, दुसरी आनतो, हौसा मनानं चांगली हाय, आडवी यायची न्हाय. न्हाय आले. त्येंच्या लग्नाची हळद म्या दळली."

मी रडायची थांबले होते.

"म्हायेरी आले. बाप मेला. भाव म्हनलं, अक्का मनानं चांगली हाय, जिमिनीत वाटा मागायची न्हाय. न्हाय मागितला. आंगठा दिऊन मोकळी झाले. मग हितं गिरनीवर रोजानं लागले, मालकीन थकली तशी हळूहळू इकत घेतली. पट्टा फिरवता फिरवता एक दिस टकुऱ्यात उजेड पडला. लोकास्नी आपल्याकडनं काय काडून घ्यायचं आसलं, का म्होरं ह्यो शबूद टाकत्यात. बैलाला पेंड दावत्यात तसा. देकन्या बाईला कुनी म्हनतंय का मनानं चांगली? तिला देकनी म्हनत्यात. मन आमच्या वाट्याला."

मला हे पटलं होतं असं नाही. ते स्थळ चांगलं होतं की वाईट, हे मला आजही माहीत नाही. मुलगा साधा होता, त्यानं माझ्याकडं बघून एकदा हसायचा प्रयत्नही केला होता. पुढं कित्येक दिवस मी अक्कांशी कामापुरतंच बोलले. त्यांनीही समजूत काढली नाही. समजूत काढणं चांगुलपणात जमा झालं असतं.

मग माझी बारामतीला बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी वीज गेली होती, गिरणी बंद होती. मी मागच्या अंगणात भांडी बांधत होते. अक्का न्हाऊन पायरीवर उन्हाला बसल्या होत्या.

"बाई, येक इचारू का?"

"विचारा की."

"म्या दिसाया कशी हाय?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "मनाचं काडू नगा. सोबावाचं न्हाय, कष्टाचं बी न्हाय. दिसतंय तेवडंच सांगा."

मी त्यांच्याकडं बघितलं. उत्तर यायला वेळ लागला, आणि तो वेळ त्यांना दिसला. त्या चिडल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "ऱ्हाऊ द्या. च्या टाकते."

उठून वळल्या तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडं झाली. इतक्या दिवसांत मी त्यांचे केस कधी मोकळे पाहिले नव्हते. कायम अंबाडा, वर पदर.

"अक्का, तुमचे केस," मी म्हणाले.

"काय झालं? पीठ ऱ्हायलंय?"

"नाही. सुंदर आहेत."

त्या तशाच थांबल्या, वळल्या नाहीत. "खोटं न्हवं?"

"खोटं कशाला बोलू?"

त्या पुन्हा पायरीवर बसल्या, माझ्याकडं पाठ करूनच. "म्हागनं मला कुटं दिसत्यात? सांगा की, कशे हायत."

मी सांगितलं. काळेभोर आहेत म्हटलं, या वयातही. दाट आहेत. कमरेच्या खाली येतात, टोकाला वळतात. उन्हात मधेच तांबूस दिसतात.

"आन?"

सांगण्यासारखं संपत आलं होतं. केसांबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? मी तेच पुन्हा निराळ्या शब्दांत सांगितलं. तेवढ्यात वीज आली, आतला बल्ब लागला. पुढच्या दारातून कुणीतरी "अक्का, दळान!" म्हणून हाका मारायला लागलं. अक्का हलल्या नाहीत. मान ताठ, हात मांडीवर, लहान मुलीची वेणी घालताना ती बसते तशा.

"आन?" त्या म्हणाल्या.