जरा चालून दाखवा

कुंदाताई वानखेडेंच्या दारात आलेला माणूस आधी चालून दाखवतो, मग काम सांगतो. कुरिअरवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर हात जोडून मतं मागायला आलेला उमेदवार. "जरा चलके दिखाओ भैया. एकदम सीधी लाइन में." माणूस नीट चालला की ताईंचा चेहरा पडतो.

कारण सांगतो. बँकेत नोकरीला असतानाच ताईंना अटॅक्सिया नावाचा आजार जडला. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजत जातो. पाय फाकतात, जीभ अडखळते, आणि आमच्या रांझीच्या बसमधले लोक समजतात, बाई पिऊन आली. औषध नाही. ताईंनी कुठल्याशा प्रयोगशाळेत फोन लावला. तिथला शास्त्रज्ञ म्हणाला, "एका पेशंटवरून काय कळणार? आणखी माणसं लागतील." बिचारा सहज बोलला असेल. ताईंनी तो हुकूम समजला आणि संशोधनासाठी संस्थाच काढली.

अध्यक्ष त्या, सचिव मी. मला कोणी विचारलं नव्हतं. मी शेजारी, फॅक्टरीतून रिटायर झालेला, आणि घरी स्कूटर. एवढी पात्रता पुरली.

"भाऊ, काहून बसून राहिले? चला, नेपियर टाउनला जायचं आहे." मग तिथल्या एखाद्या दवाखान्यात आम्ही दोघं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत बसायचो. डॉक्टर मागच्या दारानं जेवायला जाऊ लागले.

"ताई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. रिसर्च थांबून राहिला आहे ना, भाऊ!" गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी घाई.

आमच्या गल्लीतल्या मेश्रामांच्या मुलाच्या लग्नात तर कहर झाला. नवरीचा मामा डुलत डुलत आला. ताईंचे डोळे चमकले. भर मांडवात त्याला सतरंजीच्या कडेवरून चालायला लावलं. मामा पडला, उठला, पुन्हा पडला.

"घरात आणखी कोणाला आहे का हा त्रास?" ताईंनी मायेनं विचारलं.

"वडिलांना होता," मामाला रडू फुटलं. "भावालाही आहे."

मला दारूचा वास आला होता. ताई मात्र फोन नंबर लिहून घेत होत्या. दोन्ही पक्षांची माफी सचिवानं मागायची.

दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला गेलो, तर दारात ऑटो. या ऑटोवाल्यालाही ताईंनी कधीतरी चालवून पाहिलं होतं. त्याच्या भेडाघाटच्या गल्लीत एक बाई तशीच चालते म्हणे.

"बसा भाऊ," ताई म्हणाल्या. "राजीनामा परतल्यावर द्या."

रस्ताभर त्या प्रश्न पाठ करत होत्या. घरात कोणाला? कितव्या वर्षी सुरू झालं? तपासायला रक्त द्याल का?

संगमरवराच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या वस्तीत ते घर. चाळिशीतली बाई भिंत धरत बाहेर आली. तिनं चहा केला, एकेक ग्लास दोन्ही हातांनी धरून आणला. ग्लास अर्धेच भरलेले.

"पूरा भरती हूँ तो गिर जाता है, दीदी," ती ओशाळून म्हणाली.

ताईंनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाल्या, "मेरा भी."

"आपका भी?"

"पूरी साड़ी पे."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता ताईंनी तिचा हात धरला आणि सोडेचनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अध्यक्षबाईंनी आपल्यासारखं दुसरं माणूस आजवर पाहिलंच नव्हतं.

"ताई," मी हळूच म्हणालो, "रक्ताचं विचारायचं होतं."

"विचारू ना, भाऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बसू द्या जरा."

बाहेर ऑटोवाला घाई करत होता. मी त्याला जाऊन सांगितलं, "भैया, टाइम लगेगा," आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसलो.