दोन बोटं माया

"अहो, हे बघा!" मास्तरांची बायको स्वयंपाकघरातून थेट पुढच्या शिवणाच्या दुकानात आली आणि ब्लाउजच्या कडेत अंगठा घालून दाखवू लागली. "बोट जातंय आत! महिन्यापूर्वी श्वास अडकत होता. आहे की नाही पावडरीची कमाल?"

मास्तर काजं करत होते. सुई बोटाला टोचली, पण त्यांच्या तोंडून 'हं' पलीकडे काही निघाले नाही. परवा दुपारी बायकोचा डोळा लागलेला असताना तोच ब्लाउज त्यांनी दोन्ही बाजूंनी उसवून सैल केला होता.

तेव्हा कपडे शिवून घ्यायचे दिवस होते. गल्लीतल्या प्रत्येक बाईचे माप मास्तरांच्या डोळ्यांत असे आणि डोळ्यांतून ते ओठांवर कधी येत नसे. वडिलांनी हाताखाली घेताना पहिली गोष्ट हीच शिकवली होती. बाईचा कपडा बेतताना शिवणीच्या आत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची. कपडा पुढे बटण लावायला आला, की गुपचूप थोडी सोडायची. गिऱ्हाईक जाड झाले हा शब्द दुकानात काढायचा नाही. बायकोच्या बाबतीत तर हा नेम त्यांनी लग्नापासून पाळला. त्यामुळे ती जाईल तिथे सांगे, "माझं माप लग्नापासून तेच आहे हो!" ऐकणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत आणि विषय बदलत.

त्या वर्षी मात्र शाळेच्या गणवेशांची घाई झाली आणि मास्तरांचे घरच्या कपड्यांकडे दुर्लक्ष झाले. एके सकाळी बायकोचा हूक बसेना. ती हबकलीच. नेमकी त्याच दिवशी तिची धाकटी बहीण डबा घेऊन आली.

"ताई, ही साधी पावडर नाही. एकवीस वनस्पतींचा अर्क आहे. चरबी वितळते, रक्त शुद्ध होतं, झोप, केस, सांधे, सगळ्यावर चालते."

"कपड्यांवरचे डाग जातात का?" मास्तरांनी विचारले.

"भावोजी, तुम्ही तुमची कात्री चालवा. डॉक्टरांनी सिद्ध केलंय हे."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"हा काय डब्यावर फोटो! पांढऱ्या कोटातला."

मास्तरांनी चष्मा पुसून फोटो निरखला. "कोटाचा खांदा उतरलाय याच्या. दुसऱ्याच्या मापाचा कोट आहे हा." मग त्यांनी डबा फिरवला. पुढची अक्षरे ठळक, लांबून वाचता येतील अशी, मागची मोहरीएवढी. समतोल आहार व रोजच्या व्यायामासोबत घेतल्यास वजन कमी होण्यास मदत होऊ शकते, कोणताही आजार बरा करण्याचा दावा नाही, असे तिथे लिहिले होते. "अगं, समतोल आहार आणि रोजचा व्यायाम केला, तर माझी ही कात्री उशाशी घेऊन झोपलीस तरी वजन उतरेल!"

"बघितलंस ताई? यांना तुझं बरं व्हायला नकोच आहे."

डबा घरात राहिला. पावडर कडू होती, म्हणून बायको ती दुधातून घेऊ लागली. दुधात दोन केळी आणि साखर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि जेवण वेगळे. महिन्याभरात काय झाले ते मास्तरांना टेपशिवाय दिसले. बिचारी डब्यावर एवढी आशा लावून बसली आहे, तिचा हिरमोड कशाला, म्हणून त्यांनी या वेळी हात जरा मोकळा सोडला.

बायकोने ही बातमी गल्लीभर केली. मेहुणीचे डबे भराभर खपले. आठ-दहा दिवसांनी पोस्टातल्या बाई दुकानात आल्या.

"मास्तर, वहिनींचे कपडे सैल झाले आणि माझे होते तसेच. मला नकली डबा दिला की काय?"

बायको दारातच उभी होती. तिचा चेहरा पडला. मास्तरांना ते बघवेना.

"तुमचं हे बटण ढिलं दिसतंय," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत ठेवून जा ना."

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईंनी आणखी दोन डबे घेतले. मग बेकरीवाली आली, शिकवणीवाल्या बाई आल्या. मास्तरांचे शिवणे कमी आणि उसवणेच जास्त होऊन बसले. पण बेकरीवाली आता गाणे गुणगुणत जिना चढत होती. पोस्टातल्या बाई खिडकीवर हसून बोलत होत्या, हे तर नवलच. काम करता करता मास्तर विचार करीत. डब्यात काय असेल ते असो, यात कुणाचे काय वाईट झाले? माणसाला एवढे बरे वाटत असेल, तर त्याला खोटे तरी कसे म्हणायचे?

याचे उत्तर त्यांना घरातच मिळाले.

"सोमवारपासून मी शुगरची गोळी बंद करणार," बायको जेवता जेवता म्हणाली. "वजन उतरलं, की शुगर आपोआप उतरते म्हणे."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर कशाला हवेत? ब्लाउज सांगतोय ना!"

"अगं, कपडा धुऊन धुऊन सैल होतो कधी कधी."

"पोस्टातल्या बाईंचाही धुऊनच झाला वाटतं! तुम्हाला ना, माझं बरं बघवतच नाही."

मास्तर उठले, हात धुतले आणि गळ्यातली टेप काढून म्हणाले, "ये. माप घेतो."

बायको लाजलीच. "आज हे काय नवीन? माझ्यासाठी कधी टेप लागली तुम्हाला?" पण हात पसरून ऐटीत उभी राहिली.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"सगळा सोड."

मास्तरांनी आकडा मोठ्याने वाचला. बायकोने वाकून पाहिले. "टेप आखडली असेल."

"माझी टेप आखडत नाही." त्यांनी दांडीवरचा तिचा दुसरा ब्लाउज घेतला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कापडावर सुईच्या बारीक भोकांच्या ओळी दिसू लागल्या, एकीच्या बाहेर एक. "ही पहिली शिवण. ही पावडर आणली त्याच्या आधीची. आणि ही आत्ताची. बघ, शिवण कुठल्या बाजूला सरकलीय."

तिने ओळींवरून बोट फिरवले. "हे कधीपासून?"

"लग्नापासून."

"आणि मी गल्लीभर सांगत हिंडले! लोकांना डोळे आहेत हो!" ती खुर्चीत बसली. मास्तरांना वाटले, आता रडेल किंवा ब्लाउज अंगावर फेकेल.

"गोळी बंद करू नकोस," ते हळूच म्हणाले. "बाकी मला काय बोलायचं ते बोल."

"वेळच्या वेळी एकदा सांगितलं असतंत, तर मी एक केळं कमी खाल्लं असतं," ती म्हणाली. "तुम्ही आपले गुपचूप शिवण सोडत बसलात. आणि मला वाटायचं, माझं सगळं ठीक चाललंय."

ती आत गेली. पाण्याचा पेला आणि गोळीचे पाकीट वाजल्याचे ऐकू आले, तेव्हा कुठे मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मेहुणी नवा खोका घेऊन हजर. ताईने तिच्यापुढे ब्लाउज उलटा करून धरला आणि सगळे सांगितले. मेहुणी ऐकून घेणारी नव्हती.

"तुझं झालं असेल तसं. पण मी काय स्वतः अनुभव घेतल्याशिवाय विकायला निघाले? मागच्या वर्षी पावडर सुरू केली आणि महिन्याभरात माझे सगळेच्या सगळे कपडे सैल! तेव्हाच ठरवलं, की हे चार लोकांपर्यंत पोचवायचं."

ताईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "कपडे कुणी शिवलेत तुझे?"

"कुणी म्हणजे? भावोजींनीच."

मास्तर मशीनखाली वाकून, न पडलेले रीळ शोधू लागले. मेहुणीचा हात आपोआप कमरेच्या शिवणीवर गेला.

"भावोजी?"

"तू बटणं लावायला टाकले होतेस," मशीनखालून आवाज आला.

मेहुणी खोक्यावर मटकन बसली. आतले डबे खडखडले.

"किती सोडलंत?" तिने अगदी बारीक आवाजात विचारले.

मास्तर वर आले. सवयीने त्यांनी आधी बायकोकडे पाहिले. तिने मान डोलावली.

"दोन्ही बाजूंनी दीड-दीड बोट," मास्तर म्हणाले.

मेहुणीचे डोळे भरून आले. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिला खोक्यावरून उठवले.

"चल आत. चहा टाकते," ती म्हणाली. "बिनसाखरेचा."