पैलवानाच्या पाठीवरून

"खालून दोन माणसं बोलावू का? खुर्चीत बसवून उतरवतील," सुनेने विचारलं.

"मी मेलोय का?" पैलवानाने दंड दाखवले. हे दाखवणं त्याचं दिवसातून बऱ्याचदा व्हायचं.

प्रसंग घाईचा होता. समोरच्या दुकानातल्या शिंपीमास्तरांना त्यांची लेक कायमची आपल्या गावी घेऊन निघाली होती. गाडी दारात लागलेली. इकडे चौथ्या मजल्यावर मास्तरांचे जुने दोस्त, पोस्टमनआजोबा, केस विंचरून तयार बसलेले. लिफ्ट त्या इमारतीला नव्हतीच.

या आजोबांनी उभ्या जन्मात इतकी पत्रं वाटली, की चपला झिजायच्या थांबल्या आणि रस्तेच झिजायला लागले. पण मध्ये एकदा न्हाणीघरात पाय घसरला. डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस जपा." घरच्यांनी त्यातलं 'जपा' तेवढं धरून ठेवलं. आजोबा पाण्याला उठले तरी चौघं धावायची. शेवटी त्यांनाही पटलं, आपले पाय गेले. मास्तरांना दम्यामुळे जिना चढवत नव्हता. मग वरून आजोबा टॉवेल हलवायचे, खालून मास्तर कापडाचा तुकडा. एवढीच काय ती भेट.

नातू पैलवान खरा, पण आरशात दिसेल तेवढाच. कमरेच्या वर गोदाम, खाली झाडूच्या दोन दांड्या.

"बसा पाठीवर. डोळ्याचं पातं लवेपर्यंत खाली."

"नको रे, मी जड आहे."

"आजोबा, तुमच्यापेक्षा माझी पिशवी जड असते."

तिसऱ्या मजल्यावर तो म्हणाला, "कापूस आहात तुम्ही, कापूस." त्याच्या खाली अर्ध्या जिन्यात म्हणाला, "आज जेवलात काय?" दुसऱ्या मजल्यावर काहीच म्हणाला नाही. पाठच बोलली. असा कडकन आवाज झाला, की पहिल्या मजल्यावरचं मांजर घर सोडून गेलं म्हणतात, ते अजून आलेलं नाही.

पैलवान काटकोनात वाकला तो वाकलाच. आजोबा हळूच घसरून उभे राहिले.

"आजोबा, मला हलता येत नाही."

"मला तरी कुठे येतं?"

दोघं तसेच. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"कुणाला तरी हाक मारा ना."

आजोबांनी मारली. हॉर्नपुढे ती कुणाला ऐकू जाणार? हॉर्न पुन्हा वाजला. आजोबांनी कठडा धरला आणि एक पाय खालच्या पायरीवर टाकून वाट पाहिली. काही झालं नाही. दुसरा टाकला. मग धनी गाडीत झोपला तरी म्हातारा घोडा घरची वाट धरतो ना, तसे पाय आपले आपणच निघाले.

मास्तर गाडीत बसले होते. त्यांनी आधी आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"तुला उतरता येत होतं?"

"आत्ताच कळलं रे."

मास्तरांनी दुकानापुढच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी रोज दुपारी तुझी खुर्ची बाहेर काढून ठेवायचो. वाटायचं, आणतील कोणीतरी."

"काका, उशीर होतोय," लेक हळूच म्हणाली.

आजोबांनी खिडकीतून मास्तरांचा हात धरला. शिवणाऱ्याची बोटं ती, सुयांनी खरबरीत झालेली. गाडी हलली तेव्हा सुटली. बंद दुकानापुढे दोन खुर्च्या तशाच होत्या. आजोबा त्यातल्या आपल्या खुर्चीवर बसले, आणि वर नातू काटकोनात उभा आहे हे आठवल्यावर उठले.

पैलवान जिन्यात डोळे पुसत होता. "भेटले?"

"भेटले."

"माझ्यामुळे उशीर झाला ना?"

"नाही रे बाळा. उशीर तुझ्यामुळे नाही झाला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, उतरलास कसा? म्हटलं, नातवाने आणलं."

पैलवानाला जरा बरं वाटलं. आजोबांनी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने कठडा धरला, आणि एकेक पायरी करत दोघं वर निघाले.

जिन्यात पावलं वाजली तशी चौथ्या मजल्यावरून सून ओरडली, "अरे, सावकाश. नीट धरून आण हो."

"धरलंय," आजोबा म्हणाले.