मधुसूदनरावांच्या पायातले पाहुणे

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सगळं कळायचं. त्यामुळे तिथल्या वैद्यांचे फार हाल व्हायचे.

हे वैद्य म्हणजे एक खवले मांजर होतं. कुजक्या ओंडक्यांवरची निळी बुरशी खरवडून ते औषध करायचं. औषध इतकं कडू, की नुसत्या वासाने माकडं झाड बदलायची.

त्याच जंगलात मधुसूदनराव नावाचं अस्वल राहायचं. सगळ्यात जास्त त्यांनाच कळायचं. काट्यांतून कसं चालावं हे एकदा ते हरणांना दाखवत होते. तेवढ्यात पायात बाभळीचा हा एवढा काटा घुसला.

"असं चालायचं नसतं," मधुसूदनराव कळवळत म्हणाले, "हे मी मुद्दाम दाखवलं."

काट्याबरोबर जंतूही आत गेले. जंतूंना, मुलांनो, लग्न वगैरे करावं लागत नाही. एकाचे दोन होतात, दोघांचे चार. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. बघता बघता पायात गाव वसलं आणि पाय भोपळ्यासारखा सुजला.

मधुसूदनरावांच्या पत्नी केसरबाई वैद्यांना घेऊन आल्या. वैद्यांनी पानात बांधलेल्या पुड्या दिल्या.

"सगळ्या संपवायच्या," ते म्हणाले. "मध्येच बरं वाटेल. तरी संपवायच्या."

"मला सांगता?" मधुसूदनराव म्हणाले.

औषध पायात पोचलं. जंतूंच्या अंगाभोवती एक भिंत असते. जंतू वाढतो तशी ती त्याला बांधत राहावी लागते. औषधाने बांधकामच बंद पाडलं. जंतू वाढायला गेले आणि फट् फट् फुटले. गावात हाहाकार उडाला.

पण त्यात एक जंतू जन्मतःच जरा विचित्र होता. त्याच्यापाशी कात्रीसारखं काहीतरी होतं. ते कशासाठी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. औषध जवळ आलं, की कात्री आपली चालायची, आणि औषधाचे तुकडे व्हायचे. तरी बिचारा दमला होता. आणखी थोड्या पुड्या आल्या असत्या तर त्याचंही काही खरं नव्हतं.

तेवढ्यात मधुसूदनरावांना बरं वाटलं.

"अहो, पुडी!" केसरबाई म्हणाल्या.

"बरं वाटतंय म्हणजे बरा झालो. उगाच औषध वाया का घालवायचं?"

उरलेल्या पुड्यांतल्या थोड्या त्यांनी शेजारच्या काटदरे नावाच्या साळिंदराला दिल्या. काटदऱ्यांना सर्दी झाली होती. सर्दीचे जंतू वेगळ्या जातीचे. त्यांना भिंतच नसते. औषधाने भिंत शोधली, सापडली नाही, तेव्हा ते काटदऱ्यांच्या पोटातल्या निरुपद्रवी जंतूंना मारून मोकळं झालं. सर्दी आपल्या वेळेने गेली.

"औषध जबरदस्त आहे!" काटदरे म्हणाले.

इकडे पायातलं गाव ओस पडलं होतं. जागाच जागा. कात्रीवाल्याचे दोन झाले, दोघांचे चार, आणि प्रत्येकाच्या हाती कात्री. वाटेत दुसऱ्या जातीचे जंतू भेटले. त्यांनाही यांनी कात्री कशी करायची ते शिकवून टाकलं. जंतूंमध्ये शेजारधर्म फार.

पाय पुन्हा सुजला. मधुसूदनरावांनी राखून ठेवलेल्या पुड्या स्वतःच्या मनानेच घेतल्या. जंतूंनी कचाकचा कापून टाकल्या. सूज मांडीपर्यंत चढली. ताप एवढा, की केसरबाईंनी कपाळावर ठेवलेलं ओलं पान वाळून कुरकुरीत झालं. मधुसूदनराव बरळू लागले. बरळतानाही ते सल्लेच देत होते.

वैद्य आले आणि त्यांनी पाय तपासला.

"वाचतील ना हो?" केसरबाईंनी विचारलं.

"एक औषध आहे. वारुळाच्या तळच्या मातीतलं. ते भिंतीच्या वाटेला जातच नाही. थेट जंतूंच्या स्वयंपाकघरात शिरतं आणि चूल बिघडवतं. पण याने कान जाऊ शकतात. म्हणून मी ते कुणाला देत नाही."

केसरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"कानांचा त्यांनी तसाही फारसा उपयोग केलेला नाही," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "द्या तुम्ही."

या वेळी प्रत्येक मात्रा केसरबाईंनी स्वतः, नाक दाबून, घशात ओतली. ताप उतरला. मधुसूदनराव उठून बसले. केसरबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" ते नुसतेच त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले.

पण आपल्याला ऐकू येत नाही हे काय ते कबूल करणार? कुणी काही बोललं, की ते विचारपूर्वक मान डोलवायचे. जंगलात त्यांचा मान आणखी वाढला.

वारुळाच्या औषधाची बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी वैद्यांच्या बिळापुढे ही गर्दी! पोपटाचा घसा बसला होता. सशाला शिंका येत होत्या. माकडाला काहीच झालं नव्हतं, पण त्याला घरात असावं म्हणून हवं होतं.

"मिळणार नाही," वैद्य म्हणाले. "हे शेवटचं औषध आहे."

"शेवटचं? मग संपायच्या आत घेऊया!" माकड ओरडलं.

वैद्यांनी पुष्कळ समजावलं. मग ते अंगाचं वेटोळं करून पडून राहिले. खवले मांजर दुसरं काय करणार?

गर्दी वारुळाकडे वळली. केसरबाई वाटेत आडव्या आल्या.

"बाई, तुम्ही कुठे आजारी होतात?" काटदरे म्हणाले. "ज्यांनी औषध घेतलं त्यांनाच विचारू." आणि ते मोठ्याने ओरडले, "मधुसूदनराव, घेऊ ना आम्ही सगळे?"

मधुसूदनरावांनी सगळ्यांकडे शांतपणे पाहिलं. थोडा विचार केला. आणि मान डोलवली.

संध्याकाळपर्यंत वारूळ भुईसपाट झालं होतं.

तात्पर्य : बरं वाटू लागताच औषध थांबवावं, आणि उरलेलं शेजाऱ्यांना द्यावं. त्यामुळे औषध वाचतं, जंतू वाचतात. सगळ्यांनीच वाचायला हवं, असा हट्ट आपण धरू नये.