शेवटच्या तारखेचा कप्पा

माझ्या हातून चूक होत नाही, असं मी म्हणत नाही. ऑफिसातले लोक म्हणतात, आणि त्यांना तसं म्हणायला मीच शिकवलंय.

आमची कंपनी वर्गणी घेऊन लोकांना पुस्तकं ऐकवते. ग्राहकाची माहिती एका डिक्शनरीत येते, म्हणजे नाव, योजना, पहिली तारीख, शेवटची तारीख अशा चिठ्ठ्या लावलेल्या कप्प्यांत. त्यातून प्रत्येकाचं सबस्क्रिप्शन तयार करायचा कोड मी नव्याने लिहिला. वर बारा युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या छोट्या परीक्षा; पास झाली की हिरवी, नापास की लाल. बाराही हिरव्या! टीम लीडना ऐटीत सांगितलं, "डोळे मिटून चालू करा."

तासाभराने सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, फोन. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून त्यांचा सगळा दिवस आमच्या पुस्तकांवरच जातो.

"सूनबाई, पुस्तक मध्येच बंद पडलं गं. खुनी दारापर्यंत आलाय."

मी लगेच कोड उघडला. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सबस्क्रिप्शन फुकट. त्याला शेवटची तारीख नाही, म्हणजे तो कप्पाच नाही. आणि माझ्या टेस्टमधले ग्राहक तर पहिल्या बाकावरच्या मुलांसारखे, सगळे कप्पे भरून आलेले.

तेरावी टेस्ट लिहिली. ग्राहक: सासरे. शेवटच्या तारखेचा कप्पा: गायब. सबस्क्रिप्शन चालू हवं होतं, निघालं बंद. लालभडक! कप्पा दिसला नाही की माझा कोड बेधडक मुदत संपवत होता. कायमची वर्गणी भरलेले धरून अशी बिनतारखेची माणसं चार हजार होती.

मी लीडच्या टेबलाकडे धावले.

"माझा कोड मागे घ्या, आत्ताच्या आत्ता."

"कुठून मागे घेऊ?" ते शांतपणे डबा आवरत होते. "अजून चालूच केला नाही. जेवत होतो."

त्यांच्या सावकाश जेवण्याला मी आजवर किती नावं ठेवली असतील. आज मात्र पाया पडावंसं वाटलं. दोन ओळी बदलल्या, तेराही टेस्ट हिरव्या झाल्या आणि जीव भांड्यात पडला.

"ही तेरावी सुचली कशी?" लीडनी कौतुकाने विचारलं.

"अनुभव," मी म्हटलं.

जागेवर येऊन बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. कोड चालूच झाला नव्हता, तर बाबांचं पुस्तक बंद कसं पडलं? लगेच फोन लावला.

"अगं, तुझ्या सासूने केलं बंद. तिची झोपमोड होत होती," बाबा म्हणाले. मग आवाज अगदी बारीक करून त्यांनी विचारलं, "यावर काही टेस्ट असते का गं तुमच्याकडे?"