कर्नलची साखर आणि शेजाऱ्यांची खीर

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी भर दुपारी रादामेस पेगेरोने शेजारीण दोन्या फ्रेदेसविंदाच्या अंगणात उकळत असलेल्या राजम्याच्या खिरीला अटक केली. पातेल्यासकट!

असं काही झालेलं नाही. सान्तो दोमिंगोत नदीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत कोणालाही विचारा. "अटक? खिरीला? छे!" असंच उत्तर मिळेल, आणि उत्तर देणारा हातातली वाटी पाठीमागे लपवेल. तेव्हा ते झालंच नाही असं धरून आपण पहिल्यापासून बघू.

पहिल्यांदा फक्त एक मांजर होतं. नाव कर्नल. रंग तांबूस, चाल सरकारी, आणि पोट असं की ते आधी वळायचं, मग कर्नल वळायचा. त्याला मधुमेह निघाला, आणि नेमकी तेव्हाच रादामेसची बायको देयानिरा मुलीच्या बाळंतपणाला न्यूयॉर्कला निघाली.

"आधी खाणं, मग सुई," ती दारात बॅग धरून म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. खाणं फक्त डॉक्टरीणबाईंनी दिलेलं. मी परत येईन तेव्हा मला हे मांजर जिवंत हवं, रादामेस. तुझं तू बघ."

"देयानिरा! मी उभा जन्म ब्रेक नसलेली मिनीबस चालवली! मला हे मांजर भारी पडणार? ईस्टरच्या आत त्याची साखर अशी सपाट करतो की ती डॉक्टरीण माझ्याकडे शिकवणी लावेल!"

आणि खरं सांगायचं तर सुई टोचण्यात तो तरबेज निघाला. कर्नल ताटलीतून मानसुद्धा वर काढत नसे. कस्टमचा साहेब पाकीट घेताना वर बघत नाही, तसा. अडचण दुसरीच होती. कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन यंत्रात घातला, की आकडा कालच्यापेक्षा वर! परवापेक्षा तर फारच वर! साखर नव्हे, डॉलरचा भाव असावा!

रादामेस संतापला. त्याला संतापायला कारण लागत नसे. पण कारण मिळालंच, तर तो त्याचा पुरेपूर मान राखी.

पहिला संशय विजेवर. गल्लीत दिवसातून कितीदा तरी "गेली!" असा सामूहिक हंबरडा उठायचा आणि फ्रीज थंडगार व्हायचा सोडून कोमट व्हायचा. इन्सुलिन नासलं असणार! त्याने नवी बाटली आणली आणि ती कोपऱ्यावरच्या कोल्मादोत ठेवली. कोल्मादो म्हणजे वाण्याचं दुकान, बिअरचा गुत्ता आणि गल्लीची संसद, सगळं एकाच छपराखाली. तिथे जनरेटर होता.

"ठेव बिनधास्त," दुकानदार विल्फ्रिदो बिअरच्या बाटल्या सरकवत म्हणाला. "इतकं गार ठेवतो की कर्नलला शिंका येतील."

"विनोद नकोत! औषध आहे ते!"

"इथलं सगळं औषधच आहे, राजा."

आकडा चढतच राहिला. शेवटी रादामेसने कर्नलला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टर योकास्ताच्या टेबलावर आदळलं. म्हणजे पिशवी आदळली; कर्नल स्वतःच्या मर्जीने उतरला.

"काका, याला कोणीतरी गोड खाऊ घालतंय," ती म्हणाली.

"कोण? नाव सांगा! आत्ता जाऊन बघतो!"

डॉक्टरीणबाईंनी नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ!

रादामेसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, वीज नसताना. या दिवसांत गल्लीत मांस बंद आणि खीर सुरू. राजमा शिजवून गाळायचा, त्यात नारळाचं दूध, साखर, रताळं, बेदाणे, दालचिनी, आणि वर तरंगायला दुधाची बिस्किटं. पातेलं इतकं मोठं की त्यात पाहुणा आंघोळ करेल. एकटं घर ते संपवूच शकत नाही, म्हणून प्रत्येक घर प्रत्येक घराला वाटी पाठवतं. वाटी रिकामी परत करणं हा अपमान, म्हणून त्यात आपली खीर घालायची. नाही म्हणणं हा तर त्याहून मोठा अपमान. आणि दारात येऊन जो आशेने बघेल, त्याला दिल्याशिवाय पाठवायचं नाही. आशेने बघणं हा कर्नलचा पूर्णवेळ व्यवसाय होता.

रादामेस गल्लीच्या मध्यभागी उभा राहिला.

"माझ्या मांजराला खीर कोण घालतंय?"

"मी? आईशप्पथ नाही!" एका खिडकीतून.

"एक चमचा दिला असेल," दुसऱ्या खिडकीतून. "तोही लहान."

"मी तर फक्त बिस्किट दिलं. बिस्किटात काय असतं?"

"बुडवून की कोरडं?" रादामेस गरजला.

खिडकी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने कर्नलच्या गळ्यात पुठ्ठा बांधला: "मला मधुमेह आहे. खायला देऊ नका." परिणाम भयंकर झाला. आतापर्यंत जे त्याला ओळखतही नव्हते, ते पुठ्ठा वाचायला वाकले आणि हळहळले. "अरेरे! एवढासा जीव!" म्हणत बायका त्याच्यासाठी वेगळी, पथ्याची खीर करू लागल्या. साखर अजिबात नाही. फक्त कंडेन्स्ड मिल्क!

मग रादामेसने कर्नलला घरातच कोंडलं. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत बातमी न्यूयॉर्कला पोचली, कारण रहिवासी समितीच्या अध्यक्षा दोन्या (तिकडे बाईसाहेबांना दोन्या म्हणतात) फ्रेदेसविंदा यांनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला होता.

"रादामेस!" देयानिरा पडद्यावरून कडाडली. "तू माझ्या मांजराला उपाशी मारतोयस म्हणे! दाखव त्याला!"

त्याने कर्नलला काखेत धरून उचललं.

"एवढा रोड का दिसतोय?"

"त्याची साखर वाढलीय म्हणून! आजारात वजन उतरतं!"

"मग तू एवढा गोल का दिसतोयस?"

या प्रश्नावर नेमकी वीज गेली. गल्लीत पहिल्यांदाच कोणीतरी तिचे आभार मानले.

पण गुरुवारी दुपारी गोष्ट हाताबाहेर गेली. आकडा नव्हताच, यंत्राने नुसतं 'फार जास्त' असं दाखवलं. कर्नल पाण्याच्या भांड्यापाशी आडवा पडून पीत होता, उठायचे कष्टही न घेता. रादामेसने त्याचं तोंड वर केलं, आणि मिशीला चिकटलेला एक बेदाणा दिसला.

कुलूपबंद घर! ठोकलेल्या जाळ्या! आणि मिशीला बेदाणा!

"खुनी!" रादामेस यंत्र खिशात कोंबून थेट दोन्या फ्रेदेसविंदाच्या अंगणात घुसला. तिथे गल्लीतलं सर्वांत मोठं पातेलं रटरटत होतं. त्याने दोन्याबाईंच्या हातातला डाव हिसकावला.

"ही खीर मी ताब्यात घेतलीय! कोणी हात लावायचा नाही! माझं मांजर मरतंय आणि तुम्ही वाट्या भरताय?"

"ताब्यात घेतलीस ना? मग ढवळ!" दोन्याबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "खाली लागली तर तुला आत बसवून घासून घेईन पातेलं!"

त्यामुळे रादामेस ढवळत ढवळत ओरडू लागला. अंगणात गर्दी जमली. विल्फ्रिदो दुकान उघडं टाकून आला. रादामेसने पुरावा म्हणून एक घोट चाखला.

"आणि दालचिनी कमी आहे!" तो संतापाने म्हणाला.

"तुझं ते यंत्रच खोटं असणार," दोन्याबाई म्हणाल्या. "जाळीतून खीर जाते होय कधी? उगाच गल्लीला बदनाम करतोस!"

"खोटं? माझं यंत्र? हे बघा! धडधाकट माणसाच्या रक्तावर लावून दाखवतो!"

त्याने स्वतःचं बोट पुढे केलं, सुई मारली, थेंब लावला आणि यंत्र सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

सगळे आकडा वाचायला पुढे वाकले. पातेल्यात खीर बुडबुडत होती.

"रादामेस," विल्फ्रिदो हळूच म्हणाला, "काल कर्नलचा जो आकडा सांगत होतास, त्याच्या वर आहे हा. तू जनरल निघालास, राजा."

दोन्याबाईंनी त्याच्या हातातला डाव काढून घेतला, या खेपेला अगदी हळुवारपणे.

"आम्ही तुझ्याकडे पाठवलेल्या वाट्या कुठे जातात रे?"

"नाही म्हणता येतं होय? घेतो."

"आणि?"

"आणि काय? खातो! घरात एकटा माणूस... टाकून देऊ?"

"कुठे बसून?"

"खुर्चीत. टीव्हीसमोर. मग जरा डोळा लागतो."

"तेव्हा वाटी कुठे असते?"

"मांडीवर."

"आणि कर्नल?"

रादामेसने नजर पातेल्याकडे वळवली.

"मांडीवर," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याच्या दारात एकही वाटी आली नाही. कर्नलला तिथल्या तिथे योकास्ताकडे नेलं, रादामेसला माणसांच्या दवाखान्यात, आणि त्यालाही सुई सुरू झाली. ईस्टरच्या रविवारी कर्नलचा आकडा खरोखरच सपाट झाला; तो जाळीवर चढून बसला आणि खाली बघून ओरडला. देयानिराने पडद्यावर त्याचे मुके घेतले. नवऱ्याला ती म्हणाली, "आणि तुझी सुई कोण टोचतं?" "दोन्या फ्रेदेसविंदा," असं उत्तर आल्यावर ती निवांत झाली.

निवांत नव्हता तो फक्त रादामेस. उकडलेली हिरवी केळी आणि बिनसाखरेची कॉफी पोटात घेऊन तो पायरीवर बसायचा, शेजारी कर्नल, आणि समोरून वाट्या जायच्या. ईस्टर उलटला तरी पातेली संपली नव्हती. शेवटी समितीच्या बैठकीत तो रागाने लालबुंद होऊन उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला:

"माननीय अध्यक्षा यांस! अर्जदार रादामेस पेगेरो, वाहनचालक, निवृत्त, नम्रपणे विनंती करतो की, अर्जदाराच्या वाट्याच्या वाट्या कायमच्या रद्द न समजता पुढील निर्णयापर्यंत स्थगित समजाव्यात. आणि तोवर, केवळ यंत्राची अचूकता तपासण्याच्या हेतूने, एक वाटी, बिस्किटासह, मांजराचे लक्ष नसताना, मंजूर करण्यात यावी."